अडथळ्याचं कारण

रश्मी रामटेकेनं फोन खाली ठेवला, फाइल उचलली आणि दोन जिने उतरून ती बायकांच्या वॉर्डात आली. एरवी ती खाली फारशी येत नसे. तिचं काम वरच्या खोलीत, संगणकापुढं. डॉक्टरांनी लिहिलेलं निदान वाचायचं आणि ठरलेल्या यादीतला त्याचा कोड रकान्यात भरायचा. भंडाऱ्यातल्या या दवाखान्यात सहा वर्षं ती हेच करत होती. पेशंट तिला नावानं माहीत असत, चेहऱ्यानं नाही.

ललिताबाई ठवकर यांची फाइल मात्र परत आली होती. कावीळ पाहून डॉक्टर पटले यांनी पहिल्या दिवशी ‘पित्तनलिकेत अडथळा’ असं लिहिलं होतं आणि रश्मीनं त्याचाच कोड भरला होता. सरकारी योजनेच्या कार्यालयानं आता विचारलं होतं, अडथळा कशाचा? कारण कळल्याशिवाय नागपूरला पाठवायची मंजुरी मिळणार नव्हती. ते कारण एमआरआयच्या रिपोर्टात असणार होतं, आणि रिपोर्ट फाइलमध्ये नव्हता. नातेवाइकांना तो अजून मिळालेला नाही, अशी नोंद सिस्टर रीनानं केली होती. पण आत्ता फोनवर तपासणी केंद्रातला माणूस म्हणाला होता, “मॅडम, रिपोर्ट काल दुपारीच दिला. सोमाजी ठवकर अशी सही आहे.”

खिडकीजवळच्या खाटेवर ललिताबाई डोळे मिटून पडल्या होत्या. चेहरा, हात, नखंसुद्धा पिवळी पडलेली. शेजारच्या स्टुलावर त्यांचे पती बसले होते. चार दिवसांपूर्वी सिहोऱ्याहून आल्यापासून ते तिथून फारसे हलले नव्हते, जेवलेही नव्हते, असं रीना म्हणाली. सोललेलं मोसंबं त्यांच्या हातात तसंच होतं.

“काकाजी, एमआरआयचा कागद कुठं आहे?” रश्मीनं फाइल खाटेच्या कडेला ठेवत विचारलं.

“भेटला नाई जी अजून.”

“केंद्रातले म्हणतात, काल तुम्हीच घेऊन गेले.”

सोमाजींनी बायकोकडे पाहिलं. मग मोसंबं कागदावर ठेवून ते उठले.

“बाहीर चाला.”

व्हरांड्याच्या टोकाला जाऊन त्यांनी सदऱ्याच्या आतून एक पाकीट काढलं. घामानं ते मऊ पडलं होतं. चिकटवलेली कड तशीच होती.

“मले सारं मालूम हाय, बाई. माह्या पुतण्यानं, भुपेंद्रनं, फाइलीतलं वाचून मोबाइलात पाह्यलं. पित्ताच्या नळीत अडथळा म्हंजे कॅन्सर. हा कागद देला का तुमी लोकं तिच्यासमोर बोलान. अजून दोन रोज तिले सुखानं राहू द्या.”

“तुम्ही उघडून पाहिलं नाही?”

“कायले उघडू?”

‘अडथळा’ हा शब्द रश्मीनंच रकान्यात भरला होता. तिच्या लेखी तो रकाना रिकामा राहू नये म्हणून ठेवलेला तात्पुरता शब्द होता. तिकडे एक माणूस त्याच शब्दापायी चार दिवस जेवला नव्हता.

“काकाजी, अडथळ्याचा कोड मी टाकलाय. कारण अजून माहीत नाही, एवढाच त्याचा अर्थ. कॅन्सरचा कोड वेगळा असतो. तो या फाइलमध्ये कोणीच लिहिलेला नाही.”

“मंग काय हाय तिले?”

“ते यात असेल. चांगलं असेल का वाईट, मलाही माहीत नाही. पण हे तुमच्या सदऱ्यात राहिलं तर काकूंचा इलाज कोण करणार?”

सोमाजी बराच वेळ पाकिटाची कड अंगठ्यानं चोळत राहिले. मग ते त्यांनी तिच्यापुढं धरलं. रश्मीनं ते घेतलं नाही. तिनं त्यांना डॉक्टरांच्या खोलीपर्यंत नेलं, दार लोटून आत बसवलं आणि फाइल घ्यायला ती वॉर्डात परतली.

ललिताबाई जाग्या होत्या. रश्मी फाइल उचलायला वाकली तशी त्यांनी तिचं मनगट धरलं.

“याईले काय झालं, बाई? खरं सांगा.”

“कोणाले?” रश्मीच्या तोंडून घरची बोली आपोआप निघाली.

“आमच्या मालकाले. चार रोजापासून जेवून नाई राह्यले. नळावर जाऊन रडतेत. काल एक पाकीट आणलं, तं मले पाहून अंगातच लपवलं. मोठी बिमारी निंगाली असन. मले सांगत नाईत.”

रश्मी स्टुलावर बसली. मनगटावरचा हात चटका बसावा इतका तापलेला होता.

“काकू, तुम्हाले ताप हाये?”

“हळू बोला.” त्यांनी दाराकडे पाहिलं. “तीन रोजापासून हीव भरते. सिस्टर ताप मोजाले येते, त्याच्या आंधी मी गोळी खातो. माह्या तापाचं आयकलं तं हे आणखीन खचतीन.”

रश्मी उठली आणि तिनं रीनाला हाक मारली.

“नोका सांगू, माय.”

“सांगावं लागते, काकू.”

पाच मिनिटांत डॉक्टर पटले आले. त्यांच्यामागं सोमाजी होते. चालता चालता ते खाटांच्या दांड्या धरत होते. डॉक्टरांनी नाडी पाहिली, पोट दाबून पाहिलं, रीनाला दोन औषधं सांगितली.

“ललिताबाई, खडा आहे. पित्ताशयातून घसरून नळीत अडकलाय. गाठबिठ काही नाही. पण थंडी वाजून ताप येतोय, म्हणजे वर जंतुसंसर्ग झालाय. ताप लपवायचा नसतो. आता कशाचीच वाट पाहायची नाही, तासाभरात नागपूर. तोंडातून दुर्बीण घालून खडा काढतात. पोट फाडत नाहीत.”

“खडाच ना जी?” सोमाजींनी विचारलं. डॉक्टरांना हे त्यांनी आत दोनदा विचारून झालं होतं.

“खडाच.”

सोमाजी स्टुलावर बसले. ललिताबाई डॉक्टरांकडे पाहतच नव्हत्या.

“आन् तुमचं काय?” त्यांनी नवऱ्याला विचारलं.

“माहं काय?”

“तुमच्या पाकिटात काय निंगालं?”

“अवो, ते तुहंच होतं.”

ललिताबाईंनी पदर तोंडावर घेतला. खांदे हलायला लागले. रडताहेत समजून रीना पुढं झाली, तर पदराआडून हसण्याचा बारीक आवाज येत होता. सोमाजी आधी रागावल्यासारखे दिसले. मग त्यांनी कागदावर तसंच राहिलेलं मोसंबं उचललं आणि एक फोड तोंडात टाकली.

वर येऊन रश्मीनं जुना कोड काढला. डॉक्टरांनी नव्यानं लिहिलं होतं तसं तिनं भरलं : पित्तनलिकेतील खडा, संसर्गासह. खाली रुग्णवाहिका फाटकातून बाहेर पडेपर्यंत अर्ज पुढे गेलेला होता. रुग्णवाहिका नागपूरला पोचण्याआधीच मंजुरी आली.

बाराव्या दिवशी फेरतपासणीच्या कागदांच्या गठ्ठ्यात ललिताबाईंचा कागद होता. खडा काढला, ताप नाही, कावीळ उतरली. पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी महिन्यानं यावं. रश्मीनं तो दोनदा वाचला.

त्याला टाचणीनं दुसरा कागद जोडलेला होता. सोमाजी ठवकर, वय एकसष्ट. तक्रारीच्या जागी डॉक्टरांनी लिहिलं होतं, ‘काही नाही. पत्नीचा आग्रह.’ खाली रक्त, लघवी, छातीचा फोटो, सगळं तपासलेलं. निदान : प्रकृती उत्तम.

दुखणं अंगावर काढून मगच लोक या दवाखान्यात येत. धडधाकट माणसाचा कोड सहा वर्षांत तिला कधी लागला नव्हता. यादी अगदी शेवटापर्यंत खाली नेत रश्मी तो शोधत राहिली.