शंभरातले ब्याण्णव

मित्रांनो, मैदानाच्या पूर्व टोकाला ताठ उभा असलेला जुना लाकडी गुणफलक तो मीच. माझ्या छातीवर डावीकडे 'यजमान' आणि उजवीकडे 'पाहुणे' असं लिहिलं आहे. दोन्हींच्या खाली खिळे आहेत, त्यांना पत्र्याचे आकडे टांगतात. लोकांनी घरून आणून दिलेल्या फळ्यांतून एका सुताराने मला नऊ दिवसांत उभं केलं. म्हणून माझी एक फळी दाराची आहे, एक पलंगाची.

तेवीस वर्षं माझ्यामागच्या शिडीवर मावशीच बसते. सगळं गाव तिला मावशी म्हणतं. पंचाने हात वर केल्याशिवाय ती आकडा लावत नाही आणि लावलेला आकडा कोणाच्या बापाच्या सांगण्यावरून काढत नाही. एकदा तिच्या सख्ख्या भावाचा गुण पंचाने नाकारला. सगळं मैदान बोंबलत होतं, पण मावशीने आकडा हातातच धरून ठेवला. "फलक खोटं बोलत नाही," असं लोक पुढे कौतुकाने म्हणू लागले. कौतुक माझं झालं, शिव्या तिने खाल्ल्या.

मग या मैदानावर खेळणारा आमच्या शहराचा संघ विकला गेला. नवे मालक आले, मला रंग देणं बंद झालं. कबुतरांनी माझ्या डोक्यावर संसार मांडला. मालक मला भंगार म्हणाले. त्यांना छप्पर असलेलं नवं कोरं क्रीडागृह हवं होतं. खर्च शहराने आणि संघाने निम्मा-निम्मा करायचा, नाहीतर संघ दुसऱ्या शहरात जाणार. ही धमकी होती, पण ती हार घालून आणली होती.

शहराचा निम्मा वाटा कुठून येणार होता? सरकारी दवाखान्यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून! त्या दवाखान्यात रक्त शुद्ध करणारी यंत्रं फक्त दोन. मावशीचा नवरा आठवड्यातून तीनदा तिथे बाकावर बसायचा आणि कधीकधी नंबर न लागताच घरी परतायचा. त्या पैशांतून आणखी चार यंत्रं यायची होती.

निर्णयासाठी शहरातल्या लोकांची सभा माझ्याच मैदानात भरली. हात वर करून कौल द्यायचा होता. मालकांच्या व्यवस्थापकाला एक नामी कल्पना सुचली.

"मावशी, फलकावर पन्नास-पन्नास लावा. फोटो काढायचाय."

मावशीने माझ्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "लावते की! पण पंच कोण? ज्याच्याकडे कागद आहेत त्याने माइकवर सांगावं. ऐकीव आकडा मी लावत नाही."

लोक हसले. मालकही हसले आणि त्यांनी आपल्या हिशेबनिसाला उभं केलं. तिथेच ते फसले.

"खर्च शंभर रुपये धरला, तर शहराचे पन्नास, संघाचे पन्नास," हिशेबनीस म्हणाला.

मावशीने आकडे टांगले. टाळ्या झाल्या, फोटो निघाला.

"आता जमीन कोणाची ते सांगा," मावशी म्हणाली.

"शहराची. फुकट."

"रस्ता, पाणी, वीज?"

"तेही शहराकडेच."

"आणि संघाचे पन्नास कुठून येणार?" बेकरीवाल्याने गर्दीतून विचारलं.

"कर्ज काढून. त्यातलं बरंचसं शहर नवा कर लावून फेडेल."

"मग सगळं धरून बोला ना, दादा!" मावशी म्हणाली.

हिशेबनिसाने घाम पुसला. माणूस प्रामाणिक होता, नोकरी वाईट होती. "शहराचे ब्याण्णव, संघाचे आठ."

मावशीने यजमानांखाली ९२ लावला, पाहुण्यांखाली ८. मग शिडीवरूनच तिने विचारलं,

"आणि कमाई? तिकिटं, जाहिराती, दुकानं?"

"सगळी संघाची."

मालक ताडकन उठले. "काढा ते आकडे! आणि आम्ही पाहुणे कसले? संघ आमचा आहे!"

"तुमच्याच माणसाने सांगितलेत, साहेब. मी नुसती लावणारी."

"संघ तुमचा ना?" बेकरीवाला ओरडला. "मग घरही तुमच्याच पैशाने बांधा!"

असा हशा मी कुठल्याही सामन्यात ऐकला नव्हता. मग हात वर झाले. एवढे, की मला समोरचा रस्ता दिसेना. शहराचा एक पैसाही जाणार नाही, असं ठरलं.

संघ पळून गेला का? कुठला जातोय! दुसऱ्या शहरांनीही तोच हिशेब मागितला. शेवटी मालकांनी स्वतःच्या खिशातून क्रीडागृह बांधलं आणि शहराला जमिनीचं भाडंही भरलं. इमारत देखणी आहे, मला तिचा राग नाही. दवाखान्यात आज सहा यंत्रं आहेत. मावशीचा नवरा दुपारपर्यंत घरी येतो आणि चहा पाणचट झाला म्हणून तिच्याशी भांडतो.

मित्रांनो, मला रंग द्या, माझ्या खिळ्यांना तेल द्या. कबुतरांचं काय ते आम्ही आपसात बघू. पण माझ्या लाकडाहून जास्त जपा ती तुमची जीभ. मोठ्या माणसाला पैशाबद्दल विचारणं उद्धटपणाचं असतं, असं कोणी शिकवलं असेल तर खुशाल विसरा. त्या दिवशी सगळे सभ्यपणे गप्प बसले असते, तर आपल्याच खिशाला कात्री लागताना आपणच टाळ्या वाजवल्या असत्या. एका बाईने भर मैदानात तोंड उघडलं. म्हणून आपण जिंकलो!