सात मधमाश्या

पुण्यातली नोकरी सुटल्यावर हर्षल सोनाळ्याला घरी परतला आणि वरच्या खोलीत लॅपटॉप मांडून बाहेरची कामं घेऊ लागला. शाळांसाठी डिजिटल धडे बनवणाऱ्या एका कंपनीनं त्याला परागीभवनाचा धडा दिला होता. पडद्यावर सात मधमाश्या, सात फुलं. मुलानं ज्या माशीला बोट लावलं, ती आपल्या फुलाकडे उडत जायची, एवढंच काम.

एका वेळी एक माशी असली की सगळं सुरळीत चाले. पण पहिली फुलापर्यंत पोचायच्या आत दुसरीला बोट लागलं, की पहिली हवेतच थांबे आणि दुसरी दुप्पट वेगानं सुटे. हर्षलनं वेग कमी करून पाहिला, चित्रं बदलून पाहिली. चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी दुपारी धाकटी बहीण डिंपल वर आली. ती संग्रामपूरच्या कॉलेजात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. दोन वर्षांपूर्वी सुटीत हर्षलनंच तिला गंमत म्हणून कोडिंग शिकवलं होतं. पुढंही तो सुटीला आला आणि घरच्या बगीच्यात गेला की ती त्याच्या लॅपटॉपवर आपलं आपण शिकत राहिली.

त्याच्या खांद्यावरून वाकून तिनं कोड वाचलं. सध्या कोणती माशी उडते आहे ते लक्षात ठेवायला हर्षलनं त्यात ‘चालूमाशी’ नावाची एकच जागा केली होती.

"दादा, ही ‘चालूमाशी’ काऊन ठेवली तू?"

"त्याच्याबिगर माशी हालतच नव्हती. तू तुहा अभ्यास कर."

"अरे, प्रत्येक माशी आपली आपली वस्तू आहे ना? तिची जागा तिच्याजवळ, तिचं फूल तिच्याजवळ. ती म्हणते ‘माझ्या फुलाकडं चल’. पण तू ते वाक्य माशीले पुढं ढकलणाऱ्या टायमरच्या तोंडी देलं. टायमरले कुठून आलं फूल? म्हणून तू साऱ्यायसाठी एक चालूमाशी ठेवली. दुसरीले बोट लावलं का तीच चालू. आता दोन्ही टायमर तिलेच ढकलून राह्यले, अन् पहिली बसली लटकून."

हर्षलला कळलं, आणि कळलं म्हणूनच राग आला. "जेवून येतो," म्हणून तो खाली गेला.

परत आला तेव्हा डिंपल दोन्ही हातांची बोटं पडद्यावर टेकवत होती आणि साती माश्या एकदमच आपापल्या फुलांवर जाऊन बसत होत्या. तिनं ती सगळ्यांत सामाईक असलेली चालूमाशी काढून टाकली होती. टायमरला काम देतानाच ते कोणत्या माशीचं, हे बांधून दिलं होतं. चार-पाच ओळींचा बदल.

वडील भगवंतराव तिच्यामागं उभे राहून पाहत होते. "पोरीनं केलं हे?" त्यांनी विचारलं.

"हाव," हर्षल म्हणाला.

संध्याकाळपर्यंत ते गल्लीत तिघांना सांगून आले. हर्षल पुण्यात तीन वर्षं होता, तिथं तो नेमकं काय करतो हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. रात्रीच्या जेवणाला आईनं, सत्यभामाबाईंनी, गरम भाकर आधी डिंपलच्या ताटात टाकली. ती नेहमीच आधी तिला वाढायची. हर्षलला ते त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं फाइल आपल्या नावानं पाठवली. कंपनीच्या पुष्पांजली मॅडमचा फोन आला.

"कसं सोडवलंत हर्षल?"

"कोणती गोष्ट कोणाजवळ, याचाच घोळ होता मॅडम. माशीचं वाक्य टायमरच्या तोंडी दिलं होतं. टायमरला कुठून आलं फूल?"

मॅडम मनापासून हसल्या. हर्षलला दिवसभर बरं वाटलं.

दोन दिवसांनी त्यांचा मेल आला. ‘तुम्ही फोनवर सांगितलंत तेच वाक्य कोडमधल्या टिपेत सापडलं. खाली डिंपल असं नाव आहे. त्या कोण? आमच्याकडे घरून काम करणारी एक जागा आहे. त्यांना परीक्षा द्यायची असेल, तर सोमवारी संध्याकाळपर्यंत अर्ज पाठवायला सांगा.’

त्यानं कोड उघडलं. टीप होती. तिनं केलेला बदल त्यानं नीट वाचलासुद्धा नव्हता. अंगावर गरम पाणी पडल्यासारखं झालं. त्यानं मेल बाजूच्या कप्प्यात सारला, म्हणजे तो समोर दिसणार नाही.

"दादा, कंपनीवाल्यायनं काही म्हटलं का?" डिंपलनं शनिवारी विचारलं.

"नाही. काय म्हणतील?"

ती कॉलेजच्या बसला निघाली की तो खिडकीतून पाहत राही. हिला बस मिळते, मैत्रिणी मिळतात, बाबांचं कौतुक मिळतं. अजून काय पाहिजे, असं त्याच्या मनात येई. मग स्वतःचीच लाज वाटे, आणि लाज वाटली म्हणून तिचाच अजून राग येई.

सोमवारी नवा धडा अडला. या वेळी फुलपाखरं होती. हर्षलनं डिंपलच्या ओळी जशाच्या तशा उचलून टाकल्या, तर फुलपाखरं उडेचनात. दुपारी दोन वाजता त्यानं कॉलेजातून आलेल्या डिंपलला वरूनच हाक मारली. ती ओल्या हातांनी वर आली, ओढणीला हात पुसले आणि बसली. दहा मिनिटांत फुलपाखरं उडाली.

"पाठवू का?" ती म्हणाली. "थांब, माहं नाव काढून टाकते. मागच्या वेळी टिपेत चुकून राह्यलं होतं. तुले काही बोलले तर नाही ना त्यापायी?"

हर्षलनं माउस तिच्या हातातून घेतला, कप्प्यातला मेल उघडला आणि लॅपटॉप तिच्याकडं वळवला.

डिंपलनं मेल वाचला. तारीख वाचली. पुन्हा सगळं वाचलं.

"पाच दिवस झाले याले."

"हाव."

"शनिवारी मी तुले विचारलं होतं."

"हाव."

"काऊन, दादा?"

"जळलो मी तुह्यावर," तो म्हणाला. "दुसरं काही नाही."

तिचे डोळे भरले, पण आवाज कडकच राहिला. "ऊठ खुर्चीवरून. मले अर्ज करू दे."

तो उठला. ती लिहीत असताना तो जिन्यावर बसून होता. साडेचारला अर्ज गेला. ती त्याच्या बाजूनं खाली उतरली, पण त्याच्याकडं पाहिलं नाही. त्यानं मेल लपवल्याचं तिनं आईबाबांना सांगितलं नाही. तेही त्याला टोचलं.

पुढच्या आठवड्यात तिची परीक्षा झाली आणि पंधरा दिवसांनी निवडीचं पत्र आलं. भगवंतरावांनी गल्लीत पेढे वाटले. पेढ्यांचा पुडा धरून हर्षल त्यांच्यासोबत घरोघर फिरला. लोक डिंपलबद्दल विचारत, तेव्हा त्याला अजूनही ते लागायचं. पण तो उत्तरं खरी देत होता.

कंपनीनं तिला स्वतःचा लॅपटॉप पाठवला. तो तिनं खालच्या खोलीत मांडला. एका सकाळी हर्षल आपली फुलपाखरांची फाइल घेऊन तिच्या दारात उभा राहिला.

"त्या दिवशी उडेनात, ते काऊन, मले अजून कळलं नाही. समजावून सांगशील?"

डिंपलनं मान वर केली.

"आज नाही," ती म्हणाली. "आज मले काम आहे. उद्या ये."

"बरं," म्हणून हर्षल वर गेला.