शिपाई तोमासचा दाखला

साहेब, तुम्ही व्हिसाचा अर्ज वाचलाच नाही. वाचला असता, तर कधी जन्मालाच न आलेल्या माणसाचा पोलीस दाखला मागितला नसता.

शिपाई तोमास हे मेक्सिकोतल्या टीव्ही मालिकेतलं विनोदी पात्र. एकतीस वर्षं दर गुरुवारी तो चोरामागे धावायचा आणि कारंज्यात पडायचा. ते काम करायचा रामिरो. आता चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. दोन्ही गुडघे त्या कारंज्याने खाल्ले, बायको गेली. बॉटनी डाउन्सला आमच्या शेजारी मुलीकडे, एलेनाकडे राहतो. या देशात तिच्याजवळ राहू द्या, एवढाच अर्ज आहे.

फॉर्म मी भरला. इंजिनिअर मी पोटासाठी, फॉर्म भरणं ही घरची विद्या. वडिलांचं नाव शाळेत एक आणि गावात दुसरं, म्हणून माझी जात पडताळणी दोन वर्षं अडली होती. त्यामुळे ‘इतर कोणत्या नावांनी ओळखले जाता?’ हा रकाना आला तेव्हा मी म्हणालो, “काका, लपवायचं नाही. सगळी सांगा.”

“सगळी? दादा, बाजारात मला रामिरो म्हणून कोणी हाक मारलीच नाही. बँकेतसुद्धा तोमासच.”

मी त्याच्या सगळ्या भूमिकांची अकरा नावं लिहिली. शिपाई तोमास, न्हावी चुचो, विधवा लूपे.

“अहो, विधवासुद्धा?” सुजाता, माझी बायको, म्हणाली.

“लोक ओळखायचे ना त्या नावाने?”

“लिहा मग. उद्या तिच्या नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला मागतील.”

तो तेवढा तुम्ही मागितला नाहीत. बाकी अकराही नावांचे पोलीस दाखले मागितलेत, आणि लूपेचं लिंग अर्जदाराशी का जुळत नाही याचा खुलासा. मी तीनदा खुलासा पाठवला. तीनदा तेच पत्र आलं. चॅनेल कधीच बंद पडलंय, जुन्या टेपांवर त्यांनी फुटबॉल भरला. पुरावा कुठून आणायचा?

रविवारी रामिरो आमच्या ड्राइव्हवेवर आला. “फोन काढ,” म्हणाला. “तोमास कोण ते दाखवतो त्यांना.”

चार पावलं धावला, टोपी सावरली आणि पडला. माझी गौतमी हसली. मग हसायची थांबली. “पप्पा, ही इज नॉट ओके.”

तो काँक्रीटवर तसाच पडून होता. मी धावलो.

“कट कोणी म्हणालंच नाही,” तो डोळे मिटून म्हणाला. “कोणी म्हटल्याशिवाय मी कधी उठलो नाही.”

“कट, काका.”

तरी उठला नाही. एलेनाने आणि मी उचलून आत नेलं. तेव्हापासून काठी लागते.

व्हिडिओ सोबत जोडला आहे. शुक्रवारी त्याचा व्हिसा संपतो. चूक रकाना भरणाऱ्याची, म्हणजे माझी. मी लिहून देतो, सही करतो. पण व्हिडिओ बघा आणि सांगा: त्यात पडला तो कोण? आणि विमानात बसवणार असाल, तर अकरांपैकी कोणाला? शुक्रवारच्या आत मला लेखी उत्तर पाहिजे.