मान वाकत नाही

रविवारी सकाळी साडेदहाला वसईतल्या वटार गावच्या चिकूच्या वाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. वेळ मोठ्या हुशारीने निवडलेली. चर्चमधली मिस्सा आटोपून निघालेली माणसं वाटेतच सापडत, आणि बाकीच्यांना सुट्टीचा वार. पत्र्याच्या मांडवाखाली सतरंज्या, पुढे चौरंग, चौरंगावर काचेच्या ग्लासात पिवळंधमक तीर्थ, आणि मागे पांढऱ्या झब्ब्यातले भाईनाथ. ते नेमके कोणत्या देवाचे, हे त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. त्यामुळे कुणाचीच अडचण होत नसे.

"मान द्या!" भाईनाथ माइकवरून गरजले. "ऊर्जेसमोर मान झुकवा. हनुवटी छातीला टेकली पाहिजे. ज्याच्या अंगात निगेटिव्ह आहे, त्याची मान वाकणार नाही. का नाही वाकणार? कारण त्याला मान घ्यायचाय, द्यायचा नाही!"

या कोटीवर मांडव खूश झाला. गिरीज गावचे एक आजोबा पुढे झाले आणि त्यांची मान अर्ध्यात अडकली. पंचाहत्तर वर्षं वाडीत राबलेल्या माणसाची मान अडकायचीच, पण लोकांनी श्वास रोखला. सेवकाने आजोबांच्या बोटांना अंगारा लावला, बोटं तीर्थात बुडवली आणि पिवळं पाणी लालभडक झालं.

"रगत गो बाय, रगत!" माझ्या शेजारची म्हातारी पुटपुटली.

भाईनाथांनी वरून लिंबू पिळलं. पाणी पुन्हा पिवळं. "गेलं! क्लीन!" टाळ्या. आजोबांची मान होती तिथेच होती, पण तिच्याकडे आता कोण बघतंय.

मी वसुंधरा. एकतीस वर्षं इथल्या शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे अर्ध्या मांडवाला माझ्या हातची छडी आठवत असणार. माझ्या पर्समध्ये त्या दिवशी चुन्याची डबी, हळदीची पुडी आणि एक लिंबू होतं. आधीचे तीन रविवार मी मागे बसून सगळा प्रयोग नीट पाहून घेतला होता. आज भाईनाथांची भर मांडवात फजिती करायची होती, आणि खोटं कशाला बोलू, मी फार मजेत होते.

"बाई, तुम्ही पण आलात?"

वळून पाहिलं तर दिपिका. माझी जुनी विद्यार्थिनी, गिरीजची. मांडीवर तिची दहा वर्षांची अश्लेषा, डोळ्यांवर आईची ओढणी ओढून पडलेली.

"हिला काय झालं गं?"

"दृष्ट लागली, बाई. शुक्रवारी शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाचली. सगळे म्हणाले, काय नाचली, काय नाचली. घरी आली ती तापानेच. काल डोकं दुखतंय म्हणून रडली, चार उलट्या झाल्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, म्हणाले, वाढलं तर लगेच आणा. आज त्यांचा दवाखाना बंद. शेजारच्या काकू म्हणाल्या, हे काही गोळ्यांचं काम नाही."

"ताप आहे अजून?"

"अंगात आहे, पण हातपाय गार पडलेत. मला वाटतं उतरतोय."

ओढणीखालून आवाज आला, "आई, ऊन बंद कर ना."

मांडवात ऊन नव्हतंच. पत्र्याच्या फटीतून एक पट्टी तेवढी येत होती. मी माझ्या पर्सवर हात ठेवून बसले होते, मला माझा ठरलेला बेत मोडायचा नव्हता. मी दिपिकाच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले, "इथे काही होणार नाही, बाळा. उद्या दुसऱ्या डॉक्टरला दाखव."

उद्या. मी असंच म्हणाले.

त्यांचा नंबर आला. दिपिकाने अश्लेषाला चौरंगापुढे उभं केलं. ती धड उभी राहत नव्हती. भाईनाथ म्हणाले, "मान दे, बेटा." दिपिकाने हळूच तिचं डोकं पुढे केलं आणि पोर अशी किंचाळली की मागच्या रांगा उठून उभ्या राहिल्या. हनुवटी छातीच्या चार बोटं वर होती. त्याखाली ती जाईना.

"बघा!" भाईनाथांचा आवाज चढला. "म्हातारा असता तर आपण म्हणालो असतो, मणके गेले. पण दहा वर्षांचं लेकरू! याची मान का वाकत नाही? विचारा स्वतःला!"

इतका रास्त प्रश्न त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा विचारला असेल. मांडवात दोनशे माणसं होती आणि एकानेही तो स्वतःला विचारला नाही. मीसुद्धा नाही. मी मुलीकडे बघतच नव्हते. मी सेवकाच्या हातातल्या अंगाऱ्याच्या वाट्यांकडे बघत होते. दोन वाट्या होत्या, आणि त्याने डावीकडची उचलली.

अश्लेषाची बोटं तीर्थात गेली. पाणी लाल झालं. दिपिका रडायला लागली, आणि मी उभी राहिले.

"थांबा, भाईनाथ. हा चमत्कार मलाही येतो."

शाळेतला आवाज अजून शाबूत आहे माझा. मी चौरंगापाशी गेले, ग्लास ओतून टाकला, साधं पाणी भरलं, त्यात हळद घातली आणि डबीतला चुना बोटाला लावून बोट बुडवलं. लाल. लिंबू पिळलं. पिवळं. "आपल्या आज्या हळद आणि चुन्यापासूनच कुंकू करायच्या," मी म्हणाले. "यांच्या डाव्या वाटीतल्या अंगाऱ्यात चुना आहे, उजवीतल्या अंगाऱ्यात नाही. कुणाला बाधा आहे आणि कुणाला नाही, हे वाटी ठरवते." मग डाव्या वाटीतली चिमूट हळदीच्या पाण्यात टाकून दाखवली, उजव्या वाटीतली टाकून दाखवली. ज्यांनी गेल्या रविवारी बाधा उतरवून घेतली होती, ते माना खाली घालून बसले.

भाईनाथ म्हणाले, "मॅडम, सायन्सला एक लिमिट असतं." कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. काही तरुणांनी मोबाइल काढले.

"बाई, परत एकदा करा ना, व्हिडिओ नीट आला नाही!"

मी परत एकदा केलं. सगळं, पहिल्यापासून, सावकाश, कॅमेऱ्याकडे तोंड करून. मधल्या मधे भाईनाथ आणि त्यांचा सेवक मागच्या कुंपणातून कधी निसटले, कळलंही नाही. हे सगळं मिळून चाळीस मिनिटं चाललं. त्यातला दुसरा प्रयोग लोकांसाठी नव्हता, तो माझ्यासाठी होता. हे मला त्याच दिवशी कळलं आणि तेव्हापासून रोज कळतं.

"बाई, ती मुलगी कुठेय?"

गर्दीतून वाट काढत कॅरल पुढे आली. हीसुद्धा माझीच विद्यार्थिनी, आता नर्स आहे. रात्रपाळी करून आईला शोधत मांडवात आली होती, कारण आई मिस्साहून परस्पर इकडे आलेली. मान न वाकणाऱ्या मुलीचं तिला आईकडूनच कळलं होतं. दिपिका अश्लेषाला घेऊन कडेच्या सतरंजीवर बसली होती. माझी फजितीची मोहीम झाली की तिलाही कुणीतरी काही सांगेल, अशी बिचारी वाट बघत होती.

कॅरल गुडघ्यांवर बसली. "अश्लेषा, माझ्याकडे बघ. आज वार कुठला?" अश्लेषाने काहीतरी उत्तर दिलं, पण ते शब्द नव्हते. कॅरलने तिच्या डोक्यामागे हात घालून अलगद मान उचलून पाहिली. मानेबरोबर खांदेही उठले. मग तिने फ्रॉक जरा वर केला. मांडीवर जांभळट लाल ठिपके होते.

"हे डास चावलेत," दिपिका म्हणाली. "सकाळी दोनच होते."

"बाई, तो ग्लास द्या."

तोच ग्लास. मी तो धुऊन तिच्या हातात दिला. कॅरलने काचेची बाजू त्या ठिपक्यांवर घट्ट दाबली आणि काचेतून पाहिलं. मीही पाहिलं. भोवतालची कातडी पांढरी पडली. ठिपके तसेच राहिले.

"साधं पुरळ असतं तर दाबल्यावर पुसट झालं असतं. हे कातडीखाली रक्त आहे." तिचा आवाज एकदम बदलला. "रिक्षा! कुणीतरी रिक्षा आणा, आत्ता! मोठ्या हॉस्पिटलला जायचं, मधे कुठे थांबायचं नाही."

मघा मोबाइल धरून उभे असलेले तेच तरुण धावले. रिक्षात अश्लेषाचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी तिच्या डोळ्यांवर हात धरला होता, कारण ऊन बंद करायला दुसरं काही नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये कुणी वेळ घालवला नाही. आम्ही पोचलो तशी सलाइन आणि इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टरांनी नाव सांगितलं, मेनिंजायटिस. मेंदूच्या आवरणाला जंतूंमुळे आलेली सूज, आणि तेच जंतू रक्तातही पसरलेले. मानेच्या आतून जाणारं ते आवरण ताणलं की असह्य दुखतं, म्हणून मान वाकत नाही. उजेड सोसत नाही, तोही त्यामुळेच. दिपिकाच्या घरातल्या सगळ्यांना, कॅरलला आणि मला प्रतिबंधक औषध दिलं.

मी डॉक्टरांना एकटं गाठून विचारलं, "चाळीस मिनिटं आधी आलो असतो तर?"

ते म्हणाले, "सांगता येत नाही, बाई. पण या आजारात तास मोजतात."

मंगळवारी दुपारी अश्लेषा गेली.

माझा व्हिडिओ तोवर वसई-विरारभर फिरला होता. लोक फोन करून अभिनंदन करत होते. वटारची वाडी रिकामी झाली, भाईनाथ परत दिसले नाहीत. मला शाळांतून, सोसायट्यांतून बोलावणी आली. मी जात राहिले, हळद-चुना दाखवत राहिले, अश्लेषाचं नाव न घेता तिची गोष्ट आणि आजाराची लक्षणंही सांगत राहिले.

दीड महिन्याने भुईगावच्या कार्यक्रमानंतर दिपिका समोर येऊन उभी राहिली. ती मागे बसली होती, मी पाहिलं नव्हतं.

"बाई, तुम्ही सगळं सांगता. भाईनाथाचं सांगता, माझं सांगता, दृष्ट लागली म्हणून नेलं ते सांगता. तुम्ही मला उद्या म्हणालात, ते नाही सांगत."

मी हातातली हळदीची पुडी पर्समध्ये टाकली.

"मला त्या भाईनाथाचा एवढा राग येत नाही. तो लबाडच होता. मी येडी होते. पण तुम्हाला कळत होतं ना, बाई? तुम्ही शिकवलंत आम्हाला, आधी नीट बघा, मग बोला. तुम्ही तिच्याकडे बघितलंच नाही." ती ओरडत नव्हती. वर्गात शंका विचारावी तशी विचारत होती. मी तिचे हात धरले आणि रडले. तिने हात सोडवून घेतले नाहीत, एवढीच तिची मेहेरबानी.

म्हणून आता ते सांगते. चमत्कार खोटा ठरवला म्हणजे आपलं काम संपलं, असं मी समजत होते. भोंदूची लबाडी उघडी पाडणं हे अर्धं काम. त्याच्या पुढ्यात आणून बसवलेलं माणूस का आजारी आहे, हे विचारणं हे उरलेलं अर्धं, आणि ते आधी करायचं असतं. ताप, ठणकणारं डोकं, उलट्या, उजेड नकोसा होणं, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं, फिट, गार पडलेले हातपाय, आखडलेली मान. यातलं काही एकत्र दिसलं, की बाळाला उचला आणि हॉस्पिटल गाठा. सगळी लक्षणं जमायची वाट बघू नका. ठिपके येईपर्यंत तर मुळीच थांबू नका, कित्येकांना ते येतच नाहीत. तान्ह्या बाळाची मान आखडेलच असं नाही, ते दूध सोडतं, वेगळंच किरकिरतं, त्याची टाळू फुगते. रविवार असो, सण असो, गोळ्या कालच दिलेल्या असोत, मोठ्या हॉस्पिटलचं दार उघडं असतं.

कार्यक्रमाच्या शेवटी मी सगळ्यांना उभं करते आणि हनुवटी छातीला टेकवायला सांगते, म्हणजे निरोगी मान किती सहज वाकते ते कळावं. मान वाकली म्हणजे आजार नाहीच असं समजू नका, हेही सांगते. मग हॉलभर माना खाली जातात. दिपिका आता प्रत्येक कार्यक्रमाला येते, शेवटच्या रांगेत उभी राहते, तिचीही मान खाली जाते आणि सगळ्यांत उशिरा वर येते. त्या शांततेत मी ते एक वाक्य बोलते.

"त्या मुलीची आई मला सगळं सांगत होती, आणि मी म्हणाले होते, उद्या."