बोटीचं पोट

संध्यानं पदर नाकावरून घट्ट बांधला आणि खुरपं बोटीच्या पोटाला लावून ओढलं. शिंपल्यांचा एक पापुद्रा करकरत सुटला आणि त्यामागून काहीतरी ओघळून तिच्या कोपरापर्यंत आलं. राखाडी, बुळबुळीत, कोमट. त्या दगडी कवचांच्या आत जीव असतो हे तिला आधी ठाऊक नव्हतं. मे महिन्याच्या उन्हात तो मेला, नासला, तेव्हा कळलं. गोठ्यात हयात गेलेली बाई ती. शेणाचं तिला काही वाटत नसे. हा वास मात्र भाकरीत शिरला होता.

बोट एरवी रेवदंड्याला पाण्यात असायची. पावसाळ्याआधी अशा बोटी बाहेर काढून खरवडतात, खालून तांब्याचा रंग देतात, म्हणजे पुन्हा लवकर काही चिकटत नाही. ते करणारी माणसं तिथंच होती. पण सासरे पुंजाराम अडून बसले.

"आपलं जनावर दुसऱ्याच्या दावणीला कशापायी?"

शेत कारखान्यांसाठी गेलं, त्या पैशातनं पोरानं बोट घेतली, ती गावाला दिसायला नको का? म्हणून बोट ट्रकवरून घाट चढून गावी, शेंद्र्याला आली आणि कडुनिंबाखाली, बैलगाडीच्या जागेवर उभी राहिली.

तिचा नवरा इंद्रजीत लांब सावलीत नाकाला रुमाल लावून उभा होता.

"हळू गं. चरे पडतील."

"मग या ना तुम्ही."

"मला मळमळतं. माहितीये तुला."

दोन हिवाळे तो पंधरा दिवसांआड तिकडं जायचा. परत आला की लाटांच्या, उड्या मारणाऱ्या माशांच्या गोष्टी सांगायचा. पुंजाराम त्या पारावर नेऊन दुप्पट करायचे. येत्या दिवाळीत तर मुलगी सृष्टी, जावई आणि त्यांचं वर्षाचं लेकरू, सगळ्यांना तो खोल समुद्रात नेणार होता.

संध्या सरकत सरकत मागं इंजिनाच्या पंख्यापाशी आली. तिथं शिंपल्यांनी कहर केला होता. एकाच्या पाठीवर दुसरा, दुसऱ्याच्या पाठीवर तिसरा. पिढ्या नांदल्या होत्या. पंख्याची पाती आणि मागचं लोखंड त्यांनी एकजीव करून टाकलं होतं. तिनं पातं धरून फिरवायला पाहिलं. तसूभर हललं नाही.

"अहो, हा फिरतो ना?"

"फिरतो म्हणजे? त्याच्यावरच तर बोट चालते."

"मग हे मधी कसं धरलं?"

इंद्रजीत दोन पावलं पुढं आला, वाकून पाहिलं आणि रुमाल परत नाकावर दाबला.

"पहिल्याच दिवशी उलट्या झाल्या," तो म्हणाला. "किनारा दिसेना झाला अन् पाय लटपटायला लागले. परत बोटीचा दोर सोडलाच नाय."

"अन् इतक्या खेपा केल्या त्या?"

"धक्क्यावर बसायचो. घरी काय करू? शेत तरी ऱ्हायलंय का?"

"कपडे मिठानं कडक व्हायचे तुमचे. मी घासून घासून धुवायची."

त्यानं मान खाली घातली.

"बादलीत बुडवून आणायचो."

संध्यानं खुरपं खाली टेकवलं.

"अन् त्या तान्ह्या लेकराला घेऊन जाणार होता?"

"तवर शिकलो असतो."

फाटकाची कडी वाजली. पुंजाराम त्यांच्या जुन्या दोस्ताला, गंगापूरच्या मोतीरामांना घेऊन आले होते.

"या, या, दाखवतो. पार आत जातो आमचा इंद्रजीत, लई आत!"

इंद्रजीतनं पंख्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. संध्या खाली बसली आणि खुरप्याच्या पाठीनं दणादण ठोकायला लागली. ढेकळंच्या ढेकळं गळून पडली. पदर सुटला, एक शिंतोडा ओठावर उडाला. तिनं तो तसाच राहू दिला आणि ठोकत राहिली. म्हातारे जवळ आले तेव्हा पंखा मोकळा झाला होता. खाऱ्या पाण्यानं पात्यांना बारीक बारीक भोकं पाडली होती.

"बघा," पुंजारामांनी भोकांवरून अंगठा फिरवला. "इतकं हिंडल्यावर झिजायचंच."

"मग जावयाला कधी नेता?" मोतीरामांनी विचारलं.

"दिवाळीला. पणतवासगट," पुंजाराम म्हणाले.

"नाय मामा," संध्या सासऱ्यांना म्हणाली. "लेकराला मी बोटीत बसू देणार नाय. कुणालाच नाय."

"का गं?"

"मला भ्या वाटतं."

"घ्या! बोट दारात अन् भ्या पोटात!" पुंजाराम खदखदून हसले. मोतीरामही हसले. संध्या नवऱ्याकडं बघत राहिली. तो जरा उशिरा हसला, मग सगळ्यांहून मोठ्यानं.

"हिचं असंच आहे," तो म्हणाला. "पाणी बघितलं की हातपाय गळतात."

संध्यानं मनगटानं ओठ पुसला. उठली, त्याच्यापाशी गेली आणि ओघळतं खुरपं त्याच्या हातात दिलं.

"उरलेलं तुम्ही करा."

बापासमोर त्याला नाही म्हणता येईना. तो वाकला. ती हौदाकडं चालायला लागली. मागं खुरप्याचा एक करकर आवाज झाला, दुसरा झाला. मग ओकारीच्या उबळीचा.

"ऊन बाधलं का रं?" पुंजाराम विचारत होते.

संध्यानं साबणाची वडी उचलली आणि हात कोपरापर्यंत चोळायला घेतले.