थॉर्नबीची दोन मुलं

सुरेश मूळचा नाशिकचा, दोह्यात एका कंपनीत आर्किटेक्ट. शिकायला इंग्लंडमध्ये होता तेव्हा एका आडगावात राहिला. तिथली शाळा, बाजाराची इमारत, चर्च, सगळं व्हिक्टोरिया राणीच्या काळात एकाच आर्किटेक्टनं उभं केलेलं: विल्फ्रेड थॉर्नबी. लंडननं त्याला कधी विचारलं नाही. सुरेशनं त्याचं चरित्र इंग्रजीत लिहायला घेतलं. त्यातली चित्रं काढायची सुरेशची मुलगी, ईश्वरी. दोह्यातल्या अबू हमूर भागातल्या घरी जेवणाच्या टेबलावर बापलेकीचे कागद पसरलेले असत आणि सुरेशची बायको नयना कुरकुरत ताटांपुरती जागा करायची.

गेल्या हिवाळ्यात समैस्म्याच्या समुद्रकिनाऱ्याहून मैत्रिणींबरोबर परतताना गाडी उलटली आणि ईश्वरी गेली. एकोणीस वर्षांची होती.

तेरावा झाला आणि सुरेश ऑफिसला जायला लागला. लोक म्हणाले, बरं सावरला. पुस्तकाला मात्र त्यानं हात लावला नाही. शेवटी प्रकाशकाचा फोन आला, तेव्हा एका शुक्रवारी त्यानं लॅपटॉप उघडला आणि एका ओळीवर अडकला.

"नयना, ऐक. 'दोन मुलं घटसर्पानं दगावली, पण त्याच महिन्यात थॉर्नबी नव्या शाळेच्या उद्घाटनाला हजर होता. असा हा कामाचा माणूस!'" त्यानं लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "मी लिहिलंय हे. कौतुकानं."

नयना मेथी निवडत होती. "नावं काय होती मुलांची?"

"माहीत नाही. कधी शोधलीच नाहीत."

"मग शोध."

त्यानं इंग्लंडमधल्या त्या गावच्या चर्चला ईमेल केला. उत्तर आलं: हॅरिएट, सात वर्षं. एडविन, चार. एकाच आठवड्यात पुरलेली. नयनानं दोन्ही नावं हळू आवाजात म्हणून पाहिली.

"त्याला घरात बसवत नसेल गं," सुरेश म्हणाला. "म्हणून गेला असेल उद्घाटनाला." आणि तो रडायला लागला. अंत्यविधीलाही तो असा रडला नव्हता. नयना मेथीचे हात तसेच घेऊन त्याच्या शेजारी येऊन बसली.

ती ओळ त्यानं खोडली, मुलांची नावं घातली, प्रकरण नव्यानं लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं.

"आणि त्याची बायको?" नयनानं विचारलं. "ती काय करत होती तेव्हा?"

"तिच्याबद्दल कुठेच काही मिळत नाही."

"मग तेही लिही," ती म्हणाली.