चाकांच्या खुणेची लांबी

मारुतीराव बेळगावातले नावाजलेले वकील. एकोणीसशे अडतीस साली त्यांचा धाकटा मुलगा आनंद घरची मोटार घेऊन निपाणीहून परतत होता. काकतीजवळ गाडीने एका माणसाला उडवलं. तो माणूस म्हणजे वडगावचा विणकर रवळू. जीव वाचला, पण उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

"मी वीस मैलांच्या वेगात होतो. तो एकदम आडवा आला," आनंदने पोलिसांना सांगितलं. वडिलांनाही तेच सांगितलं.

थोरली मुलगी वसुधा मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायची. मुलाचा खटला स्वतःच लढणारे मारुतीराव तिला म्हणाले, "रस्त्यावर ब्रेक लागल्याची खूण पोलिसांनी मोजली आहे. तिच्यावरून गाडीचा वेग काढता येतो म्हणतात. तू काढून दे. कोर्टापुढे शास्त्राचा आधार असला की बरं."

वसुधाला ते पटलं. भावावर तिचा विश्वास होता. ती आनंदला घेऊन त्याच जागी गेली आणि त्याला वेगाचा काटा वीसवर ठेवून ब्रेक दाबायला सांगितला. मातीत चाकांची खूण उमटली. तिने ती मोजली.

घरी येऊन तिने आलेख काढला. आडव्या रेषेवर वेळ, उभ्या रेषेवर वेग. ब्रेक लागताच वेग वीसवरून सरळ रेषेत शून्याला आला, खाली एक त्रिकोण तयार झाला. त्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ म्हणजे गाडीने थांबेपर्यंत कापलेलं अंतर, तिने मोजलेल्या खुणेएवढं. पण पोलिसांची खूण त्याच्या चौपट होती.

गाडी तीच, रस्ता तोच, म्हणजे रेषेचा उतारही तोच असणार. तेवढ्याच उताराचा, चौपट क्षेत्रफळाचा त्रिकोण हवा, तर उंची दुप्पट लागते. तिने रेषा वर नेली. ती चाळीसला टेकली. रवळूला धडक बसली होती ती खुणेच्या शेवटच्या भागात. वीसच्या वेगात गाडी त्याच्यापासून कितीतरी अलीकडे थांबली असती.

तिने आकडे पुन्हा तपासले. मग आनंदला बोलावून कागद दाखवला.

त्याने तो नीट पाहिलाही नाही. "मित्राची मोटार पुढं गेली होती, ताई. तिला गाठायचं होतं. अण्णांना सांगू नकोस."

"त्या माणसानं चूक केली असं तू लिहून दिलंयस."

"मग काय करू? तुरुंगात जाऊ?"

वसुधाने वडिलांना सांगितलं. मारुतीरावांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "माती ओली होती, गाडी घसरली. मी असं मांडतो. हा कागद आता घराबाहेर जाणार नाही."

"माती कोरडी होती, अण्णा. पोलिसांच्या पंचनाम्यातही तसंच आहे."

"तो तुझा भाऊ आहे!"

दुसऱ्या दिवशी ती वडगावला गेली. रवळू भिंतीला टेकून बसला होता, त्याचा माग बंद होता. त्याची बायको नागुबाई दारातच उभी राहिली. वसुधाने आपण कोण ते सांगितलं, गाडीचा वेग किती होता तेही सांगितलं. "मी कोर्टात हे सांगणार आहे."

"आमी पयल्यापासनं सांगालोय, गाडी लई जोरात आलती," नागुबाई म्हणाली. "आमचं कुणी ऐकलं न्हाय. आता तुमचं ऐकतील व्हय?"

"ऐकतील असं वाटतं."

"ऐकू द्यात. माग चालवायला दोन पाय लागत्यात, बाई. त्यो कुठनं आणू?"



वसुधाने सरकारी वकिलाला आपला हिशेब सांगितला, त्याने तिला साक्षीला बोलावलं. फळ्यावर तिने दोन्ही त्रिकोण काढले. मारुतीरावांनी लेकीची उलटतपासणी घ्यायला नकार दिला, ते खाली मान घालून बसले. आनंदला सहा महिन्यांची कैद झाली.

शिक्षा ऐकून नागुबाईच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. नवऱ्याला खांद्याचा आधार देत ती कोर्टाबाहेर पडली. वसुधा मागोमाग गेली, पण हाक मारायचं धाडस तिला झालं नाही.

त्या दिवसापासून मारुतीराव तिच्याशी बोलायचे बंद झाले. महिन्याभराने तिने निपाणीच्या शाळेत नोकरी धरली. सामान घेऊन निघाली तेव्हा आई दारापर्यंत आली. वडील आतच बसून राहिले.